न उचललेला भंडारा

म्हाळसाबाई टेम्पोतून उतरायच्या आधीच भांडायला लागली. टेम्पो चालवणारा तिचाच लेक, पण तिनं त्यालाही सोडलं नाही. "जरा दमानं घालायचा व्हता खड्ड्यात, माझी हाडं काय भाड्यानं आणल्यात व्हय?" असं म्हणत तिनं पाय खाली टेकला, पदर खोचला, अंगणात पसरलेल्या भावकीवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "कुटं हाय ती?"

ती म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी अश्विनीकडं पाहिलं.

अश्विनी मेंढीच्या मानेवर गुडघा टेकून बसली होती. मेंढीचे चारी पाय बांधलेले होते आणि बिरदेवाची कातर पाठीवरून खसाखस चालली होती. बापलेक एकाच मेंढीवर वाकले होते, दोघांच्या डोक्यांत वीतभर अंतर नव्हतं, पण चतुर्थीपासून बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. 'धर' नाही की 'सोड' नाही. मेंढी कातरून झाली की तो कातर जमिनीवर दोनदा ठोकायचा आणि मग तिनं दोरी सोडायची. गुरासारखं म्हणावं, तर गुराशीसुद्धा माणूस बोलतं. आणि या घरात तर माणसांपेक्षा मेंढरांशी जास्त बोलायची रीत होती.

दिवाळीनंतरची कातरणी म्हणजे या वस्तीवरचा एरवी सगळ्यात आनंदाचा दिवस. आजोबांच्या काळात मेंढरांची खिल्लारं कोकणात उतरायची. आता वावरात कांदा आणि टोमॅटो, आणि जाळीच्या कुंपणात उरलेली चाळीसेक मेंढरं. तेवढ्यासाठी इतकी माणसं लागत नाहीत, पण कातरणी एकट्यानं करायची नसते. आज माझी, उद्या तुझी. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुवायची, सकाळी परातभर हळदीचा भंडारा घेऊन बिरोबापुढं कातरी ठेवायच्या, पहिल्या मेंढीच्या कपाळाला हळद लावायची आणि दुपारी रश्श्याचं जेवण. भाऊबंद येतात, लेकी-जावई येतात. भांडणंही त्याच दिवशी होतात, कारण सगळे एका जागी सापडतात. यंदाच्या भांडणाला निमित्त लेण्याद्रीचं झालं होतं.

बिरदेवाचे थोरले भाऊ सावळेरामनाना चतुर्थीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला गेले होते. पायऱ्या चढताना वरच्या वळणावर त्यांना कॉलेजच्या ड्रेसमधली एक पोरगी दिसली. पाठमोरी. शेजारी जीन्स घातलेला पोरगा, आणि ती आपल्या ओंजळीतले फुटाणे त्याच्या ओंजळीत ओतत होती. वेणी, खांदे, एका पायावर रेलून उभं राहायची ढब, सगळं घरातलं. नाना दमेकरी. ते वळणावर पोचले तोवर तिथं फुटाणे वेचणारी माकडं तेवढी राहिली होती. घरी येऊन नाना म्हणाले, "बिरदेवा, तुझी पोरगी हातची गेली बघ."

कुठली पोरगी, हे तिथंच विचारायला हवं होतं. बिरदेवाला दोन पोरी, एका कुशीतून एकाच दुपारी झालेल्या, पाठीमागून बघितल्या तर आईसुद्धा चुकेल अशा. पण कुणी विचारलं नाही, कारण घरानं दोघींची वाटणी कधीच करून टाकली होती. वृषाली म्हणजे गरीब गाय. मान खाली, नाक पुस्तकात, दहावीला शाळेत पहिली. अश्विनी म्हणजे तोंडाळ, खदखदून हसणारी, सायकलवर टांग टाकून बाजारात जाणारी. गेल्या साली जुन्नरच्या स्टँडवर एका टवाळ पोराला तिनं चपलेनं बडवलं, तेव्हा हेच नाना 'वाघीण हाय आमची' म्हणून मिशीला पीळ देत फिरले होते. आता तीच चप्पल पुरावा झाली. जी भर स्टँडात चप्पल काढते, तिला कसली आलीय लाज?

खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी वृषालीनं गोठ्यामागं बहिणीचे पाय धरले होते. "सार्थक तसा नाही गं. पण आत्ता कळलं तर माझी बारावी गेली, सगळं गेलं. तू माझं नाव घेऊ नकोस."

"मी न्हाई घेणार," अश्विनी म्हणाली होती. "पण तू घ्यायचं. तुझ्या तोंडानं."

वृषालीनं मान हलवली होती. त्यानंतर अश्विनीचं कॉलेज बंद झालं, मोबाइल बापाच्या पेटीत गेला, आईनं उलथन्यानं दंडावर वळ उठवले. आणि वृषाली रोज सकाळी डबा घेऊन जुन्नरच्या एसटीत बसून केमिस्ट्रीच्या तासाला जात राहिली. जाताना मान खालीच. गरीब गाय ना ती! अश्विनीला त्या खाली घातलेल्या मानेचा इतका संताप यायचा की धरून वर करावी आणि दोन थोबाडीत द्याव्यात.

"इकडं ये," म्हाळसाआत्या म्हणाली. "हात धू आन् ये."

"हाताखाली मेंढी हाय," अश्विनी म्हणाली.

"बगा! बगा जीभ! अजून काय बगायचं ऱ्हायलंय?" म्हाळसाबाईनं भावकीला साक्षीला घेतलं. "आमी आपलं म्हणत व्हतो, आईबाप हायेत, लक्ष ठेवतील."

बिरदेवानं कातर जमिनीवर दोनदा ठोकली. अश्विनीनं दोरी सोडली आणि मेंढी उघडी-बोडकी होऊन धडपडत जाळीकडं पळाली.

बैठक लिंबाखाली बसली. म्हाळसाबाईनं टेम्पोतून पिशवी आणवली आणि मांडीवर घेऊन बसली. पिशवीतून हिरव्या साडीचा काठ बाहेर डोकावत होता. म्हणजे बाई सगळ्या तयारीनं आली होती. तिचं सासर अवसरी खुर्दला, आणि अवसरीला यंदाच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालेलं. बाहेरगावची पोरं आली, तशी म्हाळसाबाईनं मोक्याच्या जागी पत्र्याची शेड ठोकून खानावळ काढली. पोरं वाढली, भाकऱ्या वाढल्या, आणि दोन बायका कामाला ठेवल्या त्या दोघी महिन्याच्या आत आत्याच्या तोंडाला भिऊन पळाल्या. आता घरची सून हवी होती. घरची म्हणजे पळून न जाणारी.

"सरळ बोलते," ती म्हणाली. "मामाची लेक हक्काची असती. पोरगी बोभाटा करून बसली, तरी मी माझ्या गोरक्षाला करून घेती. आज कुंकू लावू, लगीन उन्हाळ्यात. भावाची इज्जत ती माझी इज्जत."

"वन्सं, अजून अठरा भरली न्हाईत तिला," पुष्पा म्हणाली. वळ उठवणारी तीच आणि आता आडवी येणारीही तीच. "बारावी तरी हू द्या."

"बारावी करून काय लेण्याद्रीवर शाळा काढायचीय का?"

दोघं-तिघं हसले. पुष्पाच्या हातात कांदा चिरायची विळी होती, ती तिनं खाली ठेवली. सकाळपासून ती चुलीपुढं आणि नणंदेच्या शब्दांपुढं सारखीच भाजत होती. तिचा राग नणंदेवर निघता निघत नव्हता, तो वळून दिरावर गेला.

"भावजी, एक इचारू का? तुमी पोरीचं तोंड बगितलं व्हतं का?"

नाना चपापले. "म्हंजे काय! वेणी बगितली, खांदं बगितलं—"

"तोंड."

"पाठमोरी व्हती. पर आपली पोर वळखायला तोंड कशाला लागतंय?"

"मला दोन पोरी हायेत," पुष्पा म्हणाली.

एवढ्या दिवसांत ही गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं. सगळ्यांच्या माना फिरल्या. वृषाली दारात ताटांची चवड घेऊन उभी होती, तिच्या हातातली ताटं किणकिणली. आता बोलेल, अश्विनीला वाटलं. आता हिला बोलावंच लागेल.

पण नानांचा मान दुखावला होता, आणि मान दुखावलेला माणूस देवाला मध्ये घालतो. "मी खोटा काय?" ते ताडकन उठले. "मग उचलू द्या दोघींना भंडारा! बिरोबा सांगंल कोण ते!"

भंडारा उचलणं म्हणजे खेळ नव्हता. या भावकीत जमिनीच्या वाटण्या कागदाशिवाय भंडाऱ्यावर झाल्या होत्या. पिवळी चिमूट उचलून खोटं बोललेल्या माणसाचं खिल्लार रोगानं बसतं, वंश बुडतो, हे आजोबांनी दोघींना एकाच गोधडीत घेऊन सांगितलं होतं. म्हणून लोक गप्प झाले. आणि म्हणूनच अश्विनीला बरं वाटलं. वृषाली माणसांपुढं गप्प बसेल, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची नाही. आजोबांची गोष्ट ऐकून रात्रभर अश्विनीच्या कुशीत शिरून थरथरलेली पोर ती.

परात कोण आणणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. तेवढ्यात बिरदेव उठला, देवापुढची परात दोन्ही हातांनी घेऊन आला आणि बैठकीच्या मध्ये उभा राहिला.

"वृषाली," तो म्हणाला.

ती पुढं आली. तिनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, बहिणीकडं मात्र पाहिलं नाही. हात पुढं केला. बोटं थरथरली, पण चिमूट उचलली गेली. "मी लेण्याद्रीला कुणाबरोबर गेले नव्हते," ती पुस्तकातली ओळ वाचल्यासारखी म्हणाली आणि चिमूट कपाळाला लावली.

खोटं बोलली! आजोबांच्या देवापुढं, बापाच्या हातातल्या परातीत हात घालून, शुद्धीत खोटं बोलली!

"आता तू," नाना म्हणाले. बिरदेव परात घेऊन वळला. इतक्या दिवसांनी बापाचं तोंड तिच्यासमोर आलं, पण तो बघत होता परातीत. तिनं हात घातला असता, तर खरं बोलून मोकळी झाली असती. तेच शहाणपणाचं होतं. पण त्या परातीकडं बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी फुटलं. सतरा वर्षं हा माणूस तिला ओळखत होता. कोकरू अडलं तर वृषालीला नाही, तिला हाक मारत होता. लांडगा आला तेव्हा काठी घेऊन ती त्याच्या शेजारी उभी होती. आणि आज त्याला तिच्यासाठी परात लागली.

तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मी न्हाई उचलणार."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

बैठकीत एक हुंकार उठला, निकाल लागल्यासारखा. नानांनी हात झटकले. "झालं! बिरोबानं दावलं!" पुष्पानं कपाळावर हात मारून घेतला. अश्विनी तरातरा चालत पाण्याच्या टाकीमागं गेली.

थोड्या वेळानं वृषाली मागून आलीच. कळशी घेऊन, म्हणजे पाण्याचं निमित्त.

"का नाही उचललास? तू उचलला असतास तर दोघी सुटलो असतो. नानांना दिसायला कमी दिसतं, एवढ्यावर मिटलं असतं."

"तुला काई वाटलं न्हाई का गं?"

"चिमूटभर हळद आहे ती, आशे," वृषालीनं बहिणीला घरातल्या नावानं हाक मारली. "मेंढरं रोगानं मरतात, लस टोचली नाही म्हणून मरतात."

"मग बोटं का थरथरत व्हती?"

वृषालीनं कळशी या हातातून त्या हातात घेतली.

"तुझा देवावर इश्वास न्हाई, ठीक हाय. तुझा तुझ्यापाशी. पर दादाचा, आपल्या बापाचा हाय. त्यानं दोन हातांनी धरली व्हती परात. तू त्याच्या तोंडावर खोटं बोललीस, आन् मी खरी असून चोर झाले. जा, कर केमिस्ट्री!"

"मला इंजिनिअर व्हायचंय," वृषालीचा आवाज चिरकला. "तुला काय, तुला कुठं शिकायची हौस आहे? तू तर कॉलेजला बागडायला येतेस. तुझं लग्न झालं तरी—"

तिनं जीभ चावली, पण बोलून गेली होती. अश्विनीनं तिच्याकडं नीट पाहिलं. म्हणजे हिनंही वाटणी केली होती. घरानं केली, भावकीनं केली, आणि पोटातून बरोबर आलेलीनंही केली. एकीनं शिकायचं आणि एकीनं भाकऱ्या थापायच्या. मारायला हात उचलला होता तो तिनं तसाच टाकीवर आपटला. मारण्याइतकीसुद्धा ही आपली राहिली नाही, असं तिला वाटलं, आणि ते मारापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात अंगणातून हाका आल्या. "वृषाले! ए वृषाले! आत्या बोलावती!"

अंगणात वारं फिरलं होतं. म्हाळसाबाईच्या मांडीवरची पिशवी उघडी होती आणि हिरवी साडी बाहेर आली होती.

"मी इचार बदलला," ती ठणकावून सांगत होती. "जिनं भंडारा उचलला न्हाई, ती मला नगं. देवाच्या मनातनं उतरलेली पोर मी कशी नेऊ? मला ही द्या. हिनं पंचासमोर उचलला. बावनकशी सोनं! कामाला गप, तोंडाला गप. ये गं माझी बाय."

वृषालीच्या हातून कळशी सुटली.

"आत्या, मला शिकायचंय. मला अवसरीच्या कॉलेजला..."

"मग येच की अवसरीला!" आत्या खुशीत आली. "कॉलेजाच्या दारातच हाय आपली खानावळ. सगळे इंजिनिअर तुझ्याच हातची भाकरी खातील."

आता मात्र सगळी बैठक मोकळेपणानं हसली. सकाळपासूनचा ताण गेला, प्रश्न सुटला, एक पोरगी वाईट निघाली तरी एक चांगली निघाली. नाना म्हणाले, "झाक झालं." रश्श्याचा वासही सुटला होता. फक्त पुष्पा चुलीकडून ओरडली, "अवो, काय चाललंय काय तुमचं? ती दहावीला पयली आली व्हती!" पण तिचं कुणी ऐकलं नाही.

अश्विनी कोपऱ्यात उभी राहून बघत होती, आणि खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. भोग आता, तिला वाटलं. उचललास ना? भोग. वृषालीनं मान वर केली, कितीतरी दिवसांनी, आणि तिच्याकडं पाहिलं. अश्विनीनं नजर फिरवली. ती फिरवलेली नजर जाऊन पडली बापावर.

बिरदेव हसत होता. मोठ्यानं नाही, पण सुटल्यासारखा. "घे म्हाळसा," तो म्हणत होता. "पोरगी तुझीच." आणि कुंकवाचा करंडा त्यानं स्वतः बहिणीपुढं सरकवला. सकाळी अश्विनीला दिली असती, आता वृषालीला देत होता. कातरलेली मेंढी जाळीत ढकलावी, तसं. खरी कोण, खोटी कोण, त्याचं त्याला काहीच नव्हतं. एक पोरगी गेली की घराचं तोंड धुतलं जाणार होतं.

आणि मग अश्विनीचा राग बहिणीवरून उठला आणि सगळ्यांवर गेला.

तिनं परात उचलली. चिमूट नाही, अख्खी परात. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असं घसा फोडून ओरडली आणि सगळा भंडारा तिनं बैठकीवर उधळून दिला. नानांच्या पागोट्यावर, म्हाळसाबाईच्या तोंडावर, हिरव्या साडीवर, गोरक्षाच्या मोबाइलवर, बापाच्या डोळ्यांवर. अंगण पिवळं झालं. देवाचं नाव घेतलेलं, त्यामुळं सवयीनं दोन-तीन तोंडांतून 'चांगभलं' निघूनही गेलं.

"आता बोला!" ती म्हणाली. तिला दम लागला होता. "आता समद्यांच्या अंगावर हाय. पोरींनीच का म्हणून उचलायचा? नाना, बोला, तोंड बगितलं न्हवतं तर माझं नाव कसं घेतलंत?"

नाना खोकायला लागले.

"आत्या, तू सांग. तुला सून पायजे का भाकऱ्या थापायला बाई पायजे?"

म्हाळसाबाई पदरानं तोंड पुसायला गेली आणि थबकली. अंगावर पडलेला भंडारा पुसायचा नसतो. ती पिवळ्या तोंडानं तशीच बसून राहिली.

"आन् तू रे गोरक्षा? तुला तरी कुणी इचारलंय का?"

गोरक्ष मोबाइलवरची हळद फुंकत होता. त्यानं आईकडं पाहिलं, मामाकडं पाहिलं, अंगावरच्या भंडाऱ्याकडं पाहिलं. "मला न्हाई इचारलं," तो म्हणाला. "मला म्हनली, टेम्पो काढ."

कुणीतरी फिसकन हसलं. अश्विनी वृषालीकडं वळली, पण तिला काही विचारलं नाही. नुसती उभी राहिली. तिचं नाव आपण घ्यायचं नाही, हा तिचा शब्द होता, आणि इतकं सगळं होऊनही तो तिनं मोडला नव्हता.

वृषालीच्या केसांत, पापण्यांवर हळद होती. तिचा आवाज आला, बारीक पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी होते. लेण्याद्रीला मी होते. आशा कॉलेजात होती, तासाला बसली होती. मी भंडारा उचलून खोटं बोलले."

बिरदेव उठला आणि त्याचा हात वर गेला. पण पुष्पा मधे आली. पिठानं भरलेल्या हातांनी तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"हात खाली! चतुर्थीपास्नं मी मारलं न्हवं का, नगं त्या पोरीला? माझ्या हातालाच किडं पडाय पायजेत. आता कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. वृषालीशी मी बोलीन, काय बोलायचं ते. आन् वन्सं, ती साडी ठेवा पिशवीत. उद्याच्याला दोघीबी पयल्या एसटीनं कॉलेजात जातील. कोण आडवतंय तेच बगते मी."

"दोन्ही पोरी वाया घालवल्यास, पुष्पे," म्हाळसाबाई उठली. साडीतली हळद झटकता येईना, म्हणून तिनं ती तशीच पिशवीत कोंबली. "रस्सा खा तुमचा तुमी. गोरक्षा, काढ टेम्पो." आणि जाताना भावाला म्हणाली, "पुढल्या साली माझ्या कातरी येणार न्हाईत."

टेम्पोची धूळ बसली. भावकी उगाच आपापल्या कातरी पुसायला लागली. वृषाली भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. अश्विनी तिच्याजवळ गेली नाही. तिला जावंसं वाटलं नाही. पुढं कधीतरी वाटेल की नाही, तेही तिला सांगता आलं नसतं.

बिरदेव बैठकीमुळं अर्धीच कातरून बांधून राहिलेल्या मेंढीपाशी जाऊन बसला. कातर हातात घेतली, पण चालवली नाही. पापण्यांवरची हळद घामानं डोळ्यांत उतरत होती, तरी त्यानं पुसली नाही. खाली बघतच तो बोलला. चतुर्थीनंतरचं तिच्याशी त्याचं पहिलं वाक्य.

"तू खरी व्हतीस. मग उचलला का न्हाईस?"

"दादा," अश्विनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला नाही. "तुमी मला एकदा इचारायचं व्हतं. 'आशे, तू व्हतीस का,' एवढंच. मी न्हाई म्हनले असते. तुमी इचारलंच न्हाई. तुमी परात आणलीत."

बिरदेव मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग काय करावं ते न कळून, किंवा नुसत्या सवयीनं, त्यानं कातर जमिनीवर दोनदा ठोकली.

अश्विनी दोरी सोडायला उठली नाही.